आधी बेडका तपासा!

गेल्या महिन्यातील गोष्ट. जवळच्या खेड्यातील एक पंचेचाळिशीचे शेतकरी पत्नीसह दवाखान्यात आले. अडीच महिन्यांचा खोकला, संध्याकाळी अंगात कणकण, वजन उतरलेले. हातात कापड दुकानाची पिशवी आणि पिशवीत रिपोर्टच रिपोर्ट. रक्ताच्या तपासण्या तीन वेळा झालेल्या, ईएसआर वाढलेला, हातावर टोचून करतात ती मॉन्टू चाचणी ‘पॉझिटिव्ह’, छातीचे दोन फोटो आणि एक सीटी स्कॅनसुद्धा. स्कॅनसाठी दोन शेळ्या विकल्या होत्या. सगळे कागद पाहून झाल्यावर मी विचारले, “दादा, बेडका तपासला का कुठे?” ते पत्नीकडे पाहू लागले. ती म्हणाली, “ते तर कुणी सांगितलंच नाही, डॉक्टर.”

वाचकहो, हा अनुभव मला वर्षातून अनेकदा येतो आणि दरवेळी तितकाच राग येतो. त्यातला थोडा राग स्वतःवरही असतो. त्याचे कारण पुढे सांगतो.

रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये क्षयरोगाचा जंतू शोधल्याचे जाहीर केले. त्यानंतर वर्ष-दीड वर्षात झील आणि नील्सन या दोघांच्या नावाने ओळखली जाणारी रंग देण्याची पद्धत आली. काचेवर बेडका पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली लाल काड्या शोधायच्या. शंभराहून अधिक वर्षे आपण मुख्यतः याच पद्धतीवर विसंबून राहिलो. पद्धत स्वस्त आणि खात्रीची. पण तिला एक मोठी उणीव आहे. एक मिलिलिटर बेडक्यात साधारण पाच ते दहा हजार जंतू असतील तरच ते डोळ्याला सापडतात. ज्याच्या बेडक्यात हजारभरच आहेत तो ‘निगेटिव्ह’ ठरून घरी जातो आणि खोकत राहतो. जंतू वाढवून पाहण्याची, म्हणजे कल्चरची, तपासणी अधिक सूक्ष्म खरी, परंतु हा जंतू भलता आळशी. इतर अनेक जंतू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होतात, याला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो. त्यामुळे निकाल यायला काही आठवडे जातात.

या अडचणीचा फायदा घेऊन बाजारात रक्ताच्या चाचण्या आल्या. रक्तातील प्रतिपिंडे पाहून टीबी आहे की नाही ते सांगणाऱ्या. छापील रिपोर्ट, त्यावर आकडे, रुग्णही खूश. त्या काळात मीही या चाचण्या लिहून दिल्या, हे येथे कबूल केले पाहिजे. आपल्या देशात कितीतरी माणसांच्या शरीरात क्षयाचा जंतू झोपून असतो, आजार मात्र नसतो. अशा निरोगी माणसाला ही चाचणी रोगी ठरवी आणि खऱ्या रुग्णाला अनेकदा निरोगी. जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये या चाचण्या वापरू नका असे स्पष्ट सांगितले. जून २०१२ मध्ये भारत सरकारने त्यांच्यावर बंदी घातली. माझ्या चिठ्ठीमुळे किती जणांनी उगीच सहा महिने औषधे खाल्ली असतील, याचा हिशेब मला आज लावता येत नाही. मॉन्टू चाचणीचेही तेच. ती जंतूचा संसर्ग कधीतरी झाला होता एवढेच सांगते, आज आजार आहे असे सांगत नाही.

खरी सुधारणा झाली ती वेगळ्या वाटेने. जंतू डोळ्याने शोधण्याऐवजी त्याच्या डीएनएचा तुकडा शोधायचा आणि यंत्रात त्याच्या लाखो प्रती करून ओळखायचा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०१० मध्ये अशा यंत्राला मान्यता दिली. आपल्या सरकारी दवाखान्यांत ते ‘सीबीनॅट’ म्हणून ओळखले जाते. जिथे सूक्ष्मदर्शकाला हजारो जंतू लागतात तिथे या यंत्राला मिलिलिटरमागे शे-सव्वाशे पुरतात. निकाल दोन तासांत. शिवाय रिफॅम्पिसिन हे टीबीचे प्रमुख औषध या रुग्णाला लागू पडेल की नाही, तेही त्याच वेळी कळते. पूर्वी हे कळायला महिने लागत आणि तोवर रुग्ण निरुपयोगी गोळ्या गिळत राही.

सीबीनॅटला अखंड वीज आणि थंड खोली लागते. ती आपल्याकडे कुठे मिळणार? म्हणून बॅटरीवर चालणारे, पेटीत मावणारे ‘ट्रूनॅट’ यंत्र तयार झाले. ते आपल्या शेजारच्या गोव्यातील मोलबायो कंपनीचे. २०२० मध्ये त्यालाही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस मिळाली. आता तालुक्याच्या ठिकाणी आणि काही प्राथमिक आरोग्य केंद्रांतही ही यंत्रे पोचली आहेत. तपासणी मोफत आहे. मधूनच ‘चिप संपली, पुढच्या आठवड्यात या’ असे ऐकावे लागते. त्याबद्दल आरोग्य खात्याला जाब विचारलाच पाहिजे.

पण यंत्र सुधारले तरी त्यात घालायला बेडका कोणी पाठवायचा? १९६३ मध्ये तुमकूर जिल्ह्यातील पाहणीचा एक अहवाल प्रसिद्ध झाला. डॉ. बॅनर्जी आणि अँडरसन यांना असे आढळले, की जंतू सापडलेल्या रुग्णांपैकी जवळजवळ निम्मे आधीच कुठल्या ना कुठल्या दवाखान्यात जाऊन आले होते आणि बहुतेकांना खोकल्याची बाटली देऊन परत पाठवले होते. साठ वर्षे उलटली. आता बाटलीबरोबर स्कॅन मिळतो, एवढाच फरक.

याला माझे व्यवसायबंधू जबाबदार आहेत, हे मी लिहिणार आहे, कोणाला राग आला तरी. स्कॅन आणि रक्ताच्या तपासणीत ‘कट’ असतो, मोफत बेडक्यात नसतो. सगळेच तसे वागतात असे नाही. काही डॉक्टरांना रुग्ण सरकारी दवाखान्यात गेला की तो परत येणार नाही अशी भीती वाटते, काहींना बेडक्याची नुसती किळस.

दुसरी अडचण शब्दाची. पाट्यांवर आपण लिहितो ‘थुंकी तपासणी’. मग रुग्ण डबीत थुंकी आणतो, पातळ, फेसाळ लाळ. त्यात जंतू नसतातच, मग यंत्र कितीही महागाचे असो. हवा असतो बेडका, छातीतून खोल खोकून आलेला, घट्ट. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, दोन-तीनदा खोल श्वास घ्यावा आणि मोकळ्या हवेत, माणसांपासून दूर उभे राहून खोकावे. चमचाभर पुरे. बायकांची अडचण निराळी. सासू-सासऱ्यांच्या देखत मोठ्याने खाकरणे सुनेला लाजेचे वाटते, म्हणून ती डबी तशीच रिकामी किंवा लाळ भरून परत येते. आशाताईंनी तिला बाजूला घेऊन समजावले तर खूप फरक पडतो, हे मी पाहिले आहे.

छातीचा फोटो निरुपयोगी आहे असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय पाहणीत सापडलेल्या रुग्णांपैकी सुमारे ४३ टक्के फोटो काढला नसता तर सुटलेच असते, कारण त्यांना सांगण्याजोगा त्रास नव्हता. फोटो संशय दाखवतो, पुरावा बेडका देतो. आणि नव्या चाचणीलाही मर्यादा आहेत. मेलेल्या जंतूचा डीएनएही ती पकडते, म्हणून औषधे लागू पडली का हे पाहायला जुना सूक्ष्मदर्शकच कामाला येतो. हाडाचा, मेंदूचा किंवा लहान मुलांचा क्षय ओळखणे अजूनही जिकिरीचे आहे. तिथे डॉक्टरचा अनुभव लागतोच.

त्या शेतकऱ्यांना मी डबी दिली, कसे खोकायचे ते दाखवले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नमुना घेऊन तालुक्याला गेले आणि दुपारी निकाल हातात आला. जंतू होता, रिफॅम्पिसिन लागू पडणारा. त्याच दिवशी सरकारी गोळ्या सुरू झाल्या. घरात म्हातारी आई आणि चार वर्षांची नात आहे, दोघीही त्यांच्याच खोलीत झोपत. त्यांच्या तपासण्या या आठवड्यात आहेत.