पत्र नेमके आहे कुठे?

बेलापूरच्या माणसाला पत्त्याचे महत्त्व कुणी शिकवायला नको. आमच्या गावाचे नाव घेऊन रेल्वेचे स्टेशन उभे राहिले ते श्रीरामपुरात, आणि पिनकोड चुकला की पत्र जायचे नवी मुंबईच्या बेलापुरात! पण मागच्या वर्षी आमच्या घरी जे झाले ते पोस्टाचे नव्हे, ईमेलचे दुखणे होते.

आमच्या भाच्याने आयटीआय करून अप्रेंटिसच्या जागेसाठी अर्ज केला. अर्ज भरला एका दुकानात. दुकानदाराने सोय म्हणून त्याचे ईमेल खाते आपल्या संगणकातल्या मेलच्या प्रोग्रामला जोडून टाकले. भाचा रोज मोबाईल उघडून बघे, काही नाही. मुलाखत मंगळवारी होती. पत्र आम्ही पाहिले गुरुवारी, दुकानाच्या संगणकात. आठ दिवस तिथेच पडून होते. ताई दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

असे का झाले, ते आम्ही मग जाणत्या मुलांकडून समजून घेतले. आलेले पत्र आधी ईमेल कंपनीच्या मोठ्या संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर थांबते. तिथून ते आणायच्या रीती दोन. पहिली 'पॉप'. पोस्टमनने पत्र घरात टाकले की पोस्टात काही उरत नाही, तशी ही रीत. 'प्रत सर्व्हरवर ठेवा' अशी खूण केलेली नसली, तर पत्र ज्या संगणकाने आधी उचलले त्याचेच झाले. दुसरी रीत 'आयमॅप'. हा वाचनालयातला पेपर समजा. कुणीही, कुठूनही वाचावा. पेपर जागेवरच राहतो. दुकानात एक वाचले तरी मोबाईलवर ते दिसतेच. आयमॅप १९८६ पासून आहे, तरी आम्हाला त्याचे नाव कळायला भाच्याची मुलाखत जावी लागली!

तेव्हा कुणी खाते जोडून देत असेल तर शेजारी उभे राहून बघा. 'आयमॅप' निवडा, पोर्ट ९९३. पॉपचा ९९५ असतो. आकड्यावरूनच ओळखू येते. पत्र पाठवण्याची वाट वेगळी, तिला 'एसएमटीपी' म्हणतात. तिथे ४६५ किंवा ५८७. पत्रे येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असली तर बहुधा इथेच घोटाळा असतो.

आणि पासवर्ड? तो दुकानदाराच्या वहीत कशाला हवा! गुगलच्या खात्याला तर मे २०२२ पासून असे प्रोग्राम नुसत्या नेहमीच्या पासवर्डावर जोडताच येत नाहीत. एक तर गुगलच्याच खिडकीतून परवानगी द्यावी लागते, नाहीतर दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून सोळा अक्षरांचा वेगळा ॲप-पासवर्ड घ्यावा लागतो. काम झाले की तो रद्द करता येतो.

भाच्याने दुकानातले खाते काढून घेतले, पासवर्ड बदलला, पुन्हा अर्ज टाकले. ताई रोज संध्याकाळी विचारते, "बघितलंस का रे?"