निकालाचे टक्के आणि रिकामे बाक

सरकारी व जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शाळांनी आपल्या कामाची आखणी आगाऊ करावी, आणि ठरविल्याप्रमाणे काम झाले की नाही हे वर्षाअखेर पडताळून पाहावे, ह्या तत्त्वाविरुद्ध कोणाही समंजस गृहस्थाची तक्रार असण्याचे कारण नाही. जो दुकानदार वर्षातून एकदाही वह्या मिळवून पाहत नाही, त्याचे दिवाळे कधी निघाले हे त्याचे त्यालाच कळत नाही. आणि शाळेचे भांडवल तर लोकांची मुले हे होय. वाद आहे तो एवढाच की, ह्या वहीत मांडावयाचे काय?

आज मांडले जातात ते मुख्यतः दहावीच्या निकालाचे टक्के. ह्या मापाचा भरवसा किती, हे राज्य मंडळाच्याच आकड्यांवरून दिसते. २०१८ साली राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ साली तो ७७.१० वर उतरला; आणि २०२० साली एकदम ९५.३० वर चढला. २०१९ साली अभ्यासक्रम नवा होता, आणि भाषा व सामाजिक शास्त्रे ह्या विषयांतील शाळेच्या हातचे गुण त्या वर्षी काढून घेतले होते. पुढील वर्षी ते परत देण्यात आले. २०२० साली साथीमुळे भूगोलाची परीक्षा रद्द झाली, हेही खरे. परंतु एका वर्षात राज्यातील मुलांचे ज्ञान अठरा टक्क्यांनी वाढले असे म्हणण्यास कोण धजेल? माप बदलले; माल होता तोच राहिला.

हा अनुभव नवा नाही. १८६२ साली इंग्लंडात रॉबर्ट लो ह्यांनी निकाल पाहून शाळांस अनुदान देण्याची पद्धत घातली, आणि तिचेच अनुकरण आमच्या मुंबई इलाख्यात झाले. फळ काय मिळाले? तपासनीस जे विचारील तेवढेच घोकून घेण्याची सवय शिक्षकांस लागली, आणि शतक संपण्यापूर्वीच ती पद्धत तिच्या जन्मभूमीतच मोडीत निघाली.

आता बीड जिल्ह्याकडे वळू. केज तालुक्यातील नांदूरघाटासारख्या गावांभोवतीचा मुलूख कोरडवाहू. दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीची कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागतात, ती उन्हाळ्याच्या तोंडी परततात. नवराबायको मिळून एक कोयता. मग धाकटी भावंडे सांभाळावयास थोरली मुलगी बरोबर जाते. शाळेचे दुसरे सत्र नेमके ह्याच महिन्यांत येते. नववीतून अशी उठलेली मुलगी दहावीच्या परीक्षेस बसतच नाही. आणि टक्के तर बसलेल्यांवरून काढावयाचे! म्हणजे जिची सर्वांत अधिक हानी झाली तिची नोंद हिशेबात कोठेच नाही. शंभर टक्के निकालाच्या शाळेतही बाक रिकामे असू शकतात. उलट, टक्क्यांवरच प्रतिष्ठा ठरू लागली म्हणजे कच्च्या मुलास '१७ नंबरचा अर्ज भरून बाहेरून बस' असे सुचविण्याचा मोह होतो.

कायद्याची बाजूही पाहावी. २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा आहे. त्याच्या २२ व्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीवर विकास आराखडा करण्याचे बंधन घातले आहे, आणि त्या समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावयाचे आहेत. परंतु ज्या इयत्तेत गळती खरी बोचते तेथेच कायद्याचा हात सुटतो. हंगामी वसतिगृहांची सोय आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजनाही २०२१ साली निघाली. तेव्हा साधने मुळीच नाहीत असे नव्हे. ती शाळेच्या आखणीशी जोडलेली नाहीत, हे दुखणे आहे.

कोणी म्हणेल, 'टक्के सोडले तर आळशी शिक्षकास मोकळे रानच मिळेल.' हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच आमचे म्हणणे मोजमाप सोडा असे नसून, नीट मोजा असे आहे. आठवीच्या आरंभी पटावर किती मुले होती आणि त्यांतील किती दहावी उतरली, हा पहिला आकडा मुलामुलींचा निराळा मांडावा. नववीत येताना मूल काय वाचू शकत होते, कोणते गणित सोडवू शकत होते, आणि वर्षाअखेर ते कोठे पोचले, हा दुसरा. ऊसतोडीस निघण्यापूर्वी किती पालकांची भेट घेऊन मुलांची वसतिगृहात सोय लावली, हा तिसरा. एवढी तीनच उद्दिष्टे, प्रत्येकापुढे जबाबदार इसमाचे नाव व मुदत, आणि वर्षातून दोनदा पालकांच्या सभेत जाहीर वाचन. पन्नास रकान्यांच्या तक्त्यापेक्षा ह्याचा उपयोग अधिक होईल.

ह्याबरोबरच शिक्षकासही न्याय हवा. जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका ह्यांखेरीज शिक्षणबाह्य कामे शिक्षकांस देऊ नयेत, असे त्याच कायद्याचे २७ वे कलम सांगते. दिवसभर माहिती भरावयास लावून सायंकाळी त्यास 'मुले का कच्ची?' असे विचारणे हा शुद्ध अन्याय होय. तसेच ज्या मुख्याध्यापकास मोकळी जागा भरून घेण्याचा अधिकार नाही, त्यासच एकट्यास निकालाबद्दल जबाबदार धरणे हेही न्यायाचे नव्हे.

शेवटी व्यापारी बंधूंस एक विनंती. खतावणीत केवळ जमा दाखवून नावे बाजू कोरी ठेवणाऱ्या गुमास्त्यास आपण एक दिवसही पेढीवर ठेवणार नाही. मग गावच्या शाळेचा हिशेबच तसा का चालू द्यावा? शाळेच्या पुढील सभेस अवश्य जावे, आणि किती मुले पास झाली हे विचारण्यापूर्वी, किती मुले शाळेतून उठली आणि ती आज कोठे आहेत, हे विचारावे. हा प्रश्न गावाने दरसाल विचारला, तर आराखडा कागदावरून वर्गात उतरण्यास वेळ लागणार नाही.