पडदे जोडले, खाती सुटीच

स्मार्ट सिटी अभियान ३१ मार्च २०२५ रोजी संपले. त्यासाठी काढलेल्या कंपन्या मात्र मोडू नका, त्यांच्याकडून तंत्रज्ञान घ्या, सल्ला घ्या, असे केंद्राने राज्यांना कळवले आहे. अभियानातल्या शंभरही शहरांत ‘एकात्मिक’ नियंत्रण केंद्रे उभी राहिली, हेही अभिमानाने सांगितले जाते. मग त्या ‘एकात्मिक’ शब्दाचा हिशेब आधी द्या. तो मागण्याचा पहिला हक्क पुण्याचा. पंतप्रधानांनी या प्रकल्पांचा नारळ फोडला तो २५ जून २०१६ रोजी, पुण्यातल्याच बालेवाडीत.

त्यानंतर आठ वर्षे आणि एक महिन्याने, २५ जुलै २०२४ च्या पहाटे, सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीला जाग आली ती मुठा नदीच्या पाण्याने. वाहनतळ बुडाले होते, तळमजल्यावरचे लोक मिळेल ते उचलून जिना चढत होते. खडकवासला धरणातला विसर्ग ३५ हजार क्युसेकवर गेला होता. शहराची निळी पूररेषा आखली आहे ६० हजार क्युसेकवर! डेक्कन भागात हातगाडी हलवताना विजेच्या धक्क्याने तिघे तरुण गेले. दुसऱ्या दिवसापासून कोणी कोणाला किती आणि कधी कळवले, यावर पालिका आणि जलसंपदा यांची जुंपली.

आता त्या रात्री कोणाकडे काय होते, ते पाहा. पाणी किती सुटते, हे जलसंपदा खात्याकडे. पूररेषेचा नकाशा पालिकेकडे. कोणत्या इमारतीत कोणाची मिळकत आहे आणि त्याचा मोबाइल क्रमांक काय, हे पालिकेच्याच मिळकतकर विभागाकडे. कोणत्या रोहित्रावरून कोणत्या गल्लीला वीज जाते, हे महावितरणकडे. म्हणजे माहिती सगळी होती. थकलेल्या कराची आठवण करून देणारा संदेश फोनवर बिनचूक येतो. ‘पाणी येते आहे, गाडी काढा, वर जा’ हा संदेश मात्र घरोघरी वेळेत पोचत नाही. वसुलीसाठी नागरिक सापडतो, वाचवण्यासाठी सापडत नाही.

याला तंत्रज्ञानाचा अभाव म्हणणे ही शुद्ध फसवणूक आहे. अडते ते खात्यांच्या मालकीहक्कापाशी. आपली नोंद दुसऱ्याला दिली की आपली चूक उघडी पडते, हे प्रत्येक साहेबाला ठाऊक आहे. म्हणूनच पथ विभाग डांबर ओततो आणि ते वाळते न वाळते तोच पाणीपुरवठ्याचा, गॅसचा नाहीतर केबलचा ठेकेदार तिथे ब्रेकर लावतो. खोदाईची परवानगी देणारी पालिका एकच, तरी तिच्याच दोन टेबलांची गाठ पडत नाही. अशा टेबलांवर नियंत्रण केंद्राचे कोट्यवधींचे पडदे लावून काय दिसणार? आपापली खाती, आणखी मोठ्या आकारात.

त्या वेळी दटावणारे तरी कोण होते? मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होता. पुरात घर गेलेल्याने जाब विचारायचा, तर प्रभागात नगरसेवक नव्हता. शहराचा कारभार कंपनी आणि प्रशासक यांच्याकडे सोपवला की उत्तर देण्याची सक्तीच उरत नाही, आणि सक्तीवाचून आपले कपाट कोणी उघडत नाही.

खासगीपणाच्या कायद्याची ढाल कृपया पुढे करू नये. २०२३ चा तो कायदा व्यक्तीच्या माहितीसाठी आहे. धरणाचा विसर्ग, पूररेषा आणि खोदाईचे वेळापत्रक ही कोणाची खासगी बाब नव्हे.

कंपनी खुशाल ठेवा; पण तिला नवे प्रकल्प देण्याआधी एवढे एकच काम द्या. विसर्ग, पूररेषा, मिळकत आणि वीज या चार नोंदी एकत्र आणा, आणि धरणाचे दार उचलण्याआधी नदीकाठच्या प्रत्येक फोनवर संदेश गेला पाहिजे, असा लेखी आदेश काढा. त्याखाली एका अधिकाऱ्याचे नाव असू द्या. ते नाव जोवर लिहिले जात नाही, तोवर पुणेकरांनी ‘स्मार्ट’ या शब्दावर विश्वास ठेवू नये.