बिस्किटापाठोपाठ लस

सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी भटक्या कुत्र्यांविषयी दिलेला आदेश वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचला, पण त्यात नेमके काय सांगितले आहे याविषयी आपल्या वाड्यावाड्यांवर अजून गोंधळ आहे. 'आता सगळे कुत्रे उचलून नेणार' असे कोणी म्हणते, तर 'खाऊ घातले तर दंड होणार' असे कोणी. म्हणून आधी आदेशाची गोष्ट थोडक्यात.

११ ऑगस्ट २०२५ रोजी दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली व आसपासच्या शहरांतील भटके कुत्रे उचलून निवारागृहांत ठेवावेत, परत सोडू नयेत, असे सांगितले. अकरा दिवसांत, २२ ऑगस्टला, तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यात बदल केला. निर्बीजीकरण, जंतनाशक औषध आणि रेबीजची लस झाली की कुत्रा जिथून उचलला तिथेच सोडायचा. पिसाळलेला, तसा संशय असलेला किंवा अंगावर धावून येणारा असेल तर मात्र सोडायचा नाही. प्रत्येक प्रभागात खाऊ घालण्याची जागा पालिकेने ठरवून द्यायची, भर रस्त्यात कुठेही खाणे टाकायचे नाही. नोव्हेंबरच्या आदेशाने यात आणखी एक अपवाद जोडला. शाळा-महाविद्यालये, इस्पितळे, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वे स्थानके यांच्या आवारातील कुत्रे उचलले की ते त्या जागी परत येणार नाहीत, निवारागृहात राहतील. त्याच आदेशात महामार्गांवरील मोकाट गुरे हटवण्याचेही सांगितले आहे.

म्हणजे आपल्या दारासमोर झोपणारा कुत्रा आजही लस घेऊन आपल्या दारासमोर परत येऊ शकतो. म्हापशाच्या बसस्थानकावरचा किंवा बांबोळीच्या इस्पितळाच्या व्हरांड्यातला मात्र नाही. इस्पितळातल्या व्हरांड्यात खाटेखाली कुत्रा असू नये हे कोणीही मान्य करील. अडचण पुढची आहे. उचललेला कुत्रा ठेवायचा कुठे? गोव्यात १९१ पंचायती आहेत. त्यांपैकी किती पंचायतींकडे कचरा ठेवायला धड जागा आहे, हे आपण जाणतोच.

या सगळ्या वादात एका माणसाला कोणी काही विचारत नाही. तो म्हणजे रोज खाऊ घालणारा. प्रत्येक वाड्यावर असा एक तरी असतो. संध्याकाळी उरलेले शीतकढी एका जुन्या थाळीत घेऊन निघणारी निवृत्त शिक्षिका असते, मासळी बाजारात मांजरांसाठी डोकी-शेपट्या बाजूला काढून ठेवणारी बाई असते, सकाळी पोदेराचा पोंपों ऐकून फाटकाशी जमणाऱ्या तीन-चार कुत्र्यांना पावाचे तुकडे टाकणारा दुकानदार असतो. पावसात गटारात अडकलेले पिल्लू बाहेर काढायलाही हीच माणसे पुढे होतात. शेजारी त्यांच्यावर चिडलेले असतात, आणि रात्री घरी येताना दुचाकीमागे कुत्रे लागून ज्याचा गुडघा फुटला आहे, त्याचा राग खोटाही म्हणता येत नाही.

माझे म्हणणे असे की, रेबीज रोखायचा असेल तर सरकारकडे या खाऊ घालणाऱ्या माणसापेक्षा अधिक उपयोगाचे साधन नाही. आणि हे मी भूतदयेपोटी म्हणत नाही. गोव्याचा दहा वर्षांचा अनुभव तसे सांगतो.

गोव्यात २०१४ पासून 'मिशन रेबीज' आणि राज्य सरकार यांनी मिळून कुत्र्यांच्या लसीकरणाची मोहीम चालवली. दरवर्षी लाखाच्या आसपास कुत्र्यांना लस टोचली गेली. पथके गावोगाव, वाड्यावाड्यांवर फिरली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये प्रत्येक लसीची नोंद होत गेली, त्यामुळे कोणता भाग राहून गेला ते त्याच दिवशी कळायचे. शाळांमधून मुलांना कुत्रा चावला तर काय करायचे ते शिकवले गेले. परिणाम असा की २०१८ पासून पुढची काही वर्षे राज्यात माणसाचा रेबीजने एकही मृत्यू नोंदला गेला नाही आणि २०२१ मध्ये गोवा हे देशातील पहिले 'रेबीज नियंत्रित' राज्य म्हणून जाहीर झाले. यासाठी कुत्रे संपवावे लागले नाहीत की गावाबाहेर न्यावे लागले नाहीत. कुत्रे तेच राहिले, त्यांच्या अंगातली रोगप्रतिकारशक्ती तेवढी बदलली.

यातला हिशेब समजून घेण्यासारखा आहे. एखाद्या भागातल्या दहापैकी सात कुत्र्यांना लस मिळाली की रेबीजची साखळी तुटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पण हे सात एकदा गाठून भागत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याचे आयुष्य थोडे. लस घेतलेले काही वर्षभरात मरतात, दर वर्षी नवी पिल्ले येतात, आणि सातचे पाच कधी होतात कळत नाही. म्हणून दरवर्षी पुन्हा टोचावे लागते. आता विचार करा, पथकाची गाडी वाड्यावर आली की अनोळखी माणूस आणि जाळे बघून कुत्रे कुंपणापलीकडे पळतात. जे त्यांना नावाने हाक मारू शकते, ज्याच्या हातून ते खातात, ते माणूस तिथे असेल तर जाळ्याची गरजही पडत नाही. काळ्या कुत्रीला या खेपेला पाच पिल्ले झाली, त्यांतली दोन मागच्या गल्लीत आहेत, पांढऱ्याला लस अजून झालेली नाही, ही माहिती कोणत्याही सरकारी नोंदवहीत सापडणार नाही. ती त्या शिक्षिकेच्या डोक्यात असते.

याच कारणासाठी नोव्हेंबरच्या आदेशातला 'परत सोडू नये' हा भाग मला अर्धाच पटतो. शाळेला कुंपण घालणे, इस्पितळांत रेबीजची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन कायम ठेवणे, या त्यातल्या सूचना उत्तमच आहेत आणि त्या आधीच व्हायला हव्या होत्या. पण बसस्थानकावर शिळ्या भजीपावाचा ढीग पडत राहिला तर ती जागा रिकामी राहणार नाही. लस घेतलेले, कानाचा टोक कापून खूण केलेले जुने कुत्रे गेले की बिनलसीचे नवे येतील. मग सातचे पाच व्हायला वर्षही लागणार नाही. कुत्रा उचलण्याआधी कचरा उचलावा लागतो.

आकडे पाहिले तर प्रश्नाचे वजन कळते. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटके कुत्रे मोजले गेले. २०२४ मध्ये देशभरात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटनांची नोंद झाली. रेबीजचे संशयित मृत्यू मात्र सरकारदरबारी त्या वर्षी फक्त ५४. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीवरून काढलेला अंदाज वर्षाला सुमारे ५,७०० मृत्यूंचा आहे. ५४ आणि ५,७०० यांच्यामधले लोक कुठे गेले? बहुतेक घरीच गेले. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजवर इलाज नाही, तेव्हा इस्पितळाने परत पाठवलेला माणूस नोंदीत येत नाही. २०३० पर्यंत कुत्र्यांपासून माणसाला होणारा रेबीज देशातून संपवायचा असा राष्ट्रीय आराखडा २०२१ मध्ये जाहीर झाला आहे. जे मृत्यू मोजलेच जात नाहीत ते संपले की नाही हे ठरवणार कसे, हा साधा प्रश्न आहे.

दयेची बाजूही इथे तपासायला हवी. उत्तर प्रदेशातल्या बुलंदशहर जिल्ह्यात एका बावीस वर्षांच्या राज्यस्तरीय कबड्डीपटूने नाल्यात पडलेले पिल्लू बाहेर काढले. काढताना ते बोटाला चावले. एवढेसे पिल्लू, एवढीशी जखम, म्हणून त्याने लस घेतली नाही. काही महिन्यांनी, जून २०२५ मध्ये, तो रेबीजने गेला. त्याने जे केले ते आपल्यापैकी कितीतरी जण करतात आणि करायलाच हवे. त्याच्या हाताला साबण आणि खांद्याला इंजेक्शन मिळाले असते तर तो आज खेळत असता.

आपल्याकडेही पिल्लाचा दात 'दुधाचा' म्हणून सोडून दिला जातो. जखमेवर हळद, चुना, अगदी मिरचीपूडसुद्धा लावणारे लोक आहेत. आणि 'पोटात चौदा इंजेक्शने' ही जुनी धास्ती अजून घराघरात आहे. ती चौदा इंजेक्शने कधीच इतिहासजमा झाली. आता दंडात चार-पाच वेळा सुई टोचून घ्यायची, तीही सरकारी आरोग्य केंद्रात. चावा, ओरखडा किंवा जखमेवर लाळ, काहीही झाले तरी आधी नळाखाली साबण लावून पंधरा मिनिटे धुवायचे. घड्याळ लावून पंधरा. दोन मिनिटांनी कंटाळा येतो. मग त्याच दिवशी आरोग्य केंद्र. रक्त निघाले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिन जखमेत द्यावे लागते, ते स्वतःहून विचारावे. मांजर चावले तरी हेच. आणि जे नेमाने जनावरे हाताळतात त्यांनी चावण्याची वाट न पाहता आधीच लस घेऊन ठेवावी. डॉक्टरांना विचारले की ते वेळापत्रक देतात. खाऊ घालणाऱ्यांच्या पिशवीत बिस्किटांचा पुडा असतो, पण लसीचे कार्ड फार थोड्यांच्या घरी असते.

वाचवण्याच्या घाईत जनावराचेही कधी नुकसान होते. झुडपात चार पिल्ले दिसली की ती 'टाकून दिलेली' समजून घरी आणली जातात, आणि आई अर्ध्या तासाने अन्न शोधून परत येते तेव्हा जागा रिकामी असते. थोडे लांब उभे राहून दोन-तीन तास वाट पाहावी. पिल्ले गार पडली असतील, भिजली असतील किंवा रस्त्याच्या मधोमध असतील तर गोष्ट वेगळी. मांजरीच्या पिल्लाला गाईचे दूध पाजू नये, त्याने हगवण लागते आणि ते लहान जीव त्यातच जातात. बार्देशात आसगावला भटक्या जनावरांवर उपचार करणारी संस्था अनेक वर्षे काम करते; अशा ठिकाणी फोन करून विचारलेले बरे.

संत एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वराला नेत असलेली काशीची कावड त्यांनी वाळूत तडफडणाऱ्या गाढवाला पाजली. त्या गोष्टीत त्यांच्यावर रागावलेले बरोबरीचे यात्रेकरूही आहेत, हे आपण सांगताना गाळतो. आजच्या वाड्यावरही ते दोन्ही पक्ष तसेच आहेत.

किनाऱ्यांचा प्रश्न जरा निराळा. पर्यटनाच्या हंगामात शॅकवरचे उरलेसुरले खाऊन कुत्रे पोसले जातात; परदेशी पाहुणा दोन महिने एखाद्याला लाडाने वाढवतो आणि विमानात बसतो. मे अखेरीस शॅक उतरतात, किनारा ओस पडतो आणि तेच कुत्रे उपाशी टोळीने फिरू लागतात. चावण्याची भीती तेव्हा वाढते आणि बोल स्थानिकांना बसतो. शॅकचा परवाना देताना त्या पट्ट्यातल्या कुत्र्यांच्या निर्बीजीकरणाची जबाबदारी परवान्याच्या अटीत घालणे काही अशक्य नाही.

रेबीजला चेकनाकाही नसतो. दोडामार्ग, सावंतवाडी, खानापूर, कारवार या बाजूंनी गोव्यात रोज माणसे येतात-जातात, तसे कुत्रेही. गोव्याने कितीही टोचले तरी सीमेपलीकडच्या गावात लस पोचली नाही तर विषाणू परत येत राहणार. बेळगाव-खानापूरच्या आणि सिंधुदुर्गातल्या आपल्या मंडळांनी गोव्याचा हा अनुभव आपापल्या पंचायतींपुढे ठेवला तर दोन्हीकडच्यांचे काम सोपे होईल.

रस्त्यावरच्या गुरांविषयी एकच. रात्रीच्या वेळी महामार्गावर बसलेला बैल दुचाकीस्वाराला शेवटच्या क्षणापर्यंत दिसत नाही. कोंडवाड्यांची व्यवस्था होईल तेव्हा होईल, तोवर गुरांच्या गळ्यात चमकणारे पट्टे बांधण्याचे काम तरुण मंडळे एका रविवारात करू शकतात. मालक कोण ते गावात सगळ्यांना ठाऊक असते, हा त्यातला अवघड भाग.

खाऊ घालण्याच्या जागेचा प्रश्न मात्र आता पुढे ढकलता येणार नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांतही ही जागा ठरवण्याची तरतूद आहे: मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आणि वेळ ठरलेली. आपण ती मागितली नाही तर कोणीतरी कुठेतरी खांब रोवून मोकळे होईल. ग्रामसभेला जाताना खाऊ घालणारे आणि तक्रार करणारे, दोघांनीही जावे. जागा, वेळ, थाळ्या उचलून जमीन धुण्याची जबाबदारी कोणाची, त्या वाड्यावर कुत्रे किती, लस किती जणांना झाली आणि पुढची कधी, एवढे एका कागदावर लिहून ठरावात घ्यावे. एक प्रत पशुसंवर्धन खात्याला द्यावी आणि तिच्यावर पोच घ्यायला विसरू नये.