हेगचा निवाडा आणि किलवणीची वाट

दादरा व नगरहवेलीच्या भूमीत एकही रेल्वे स्टेशन नाही. किलवणीच्या माणसाला मुंबईच्या इस्पितळात जावयाचे असो की गोमंतकात कुलदेवतेच्या दर्शनाला, त्याने आधी सिल्वासा गाठावे, तेथून सुमारे १८ किलोमीटरांवरचे वापी गाठावे आणि मग गाडीची वाट पाहावी. याविषयी तक्रार केली की उत्तर तयार असते : "वापी काय, हाकेच्या अंतरावर आहे!" या उत्तराचा समाचार घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

वाट ही येथे क्षुल्लक गोष्ट कधीच नव्हती. याच प्रदेशाच्या वाटेवरून हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खटला चालला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टात येथील परकी सत्ता संपली. त्या लढ्यात सुधीर फडक्यांसारखे कलावंतही उतरले होते. पुढच्याच वर्षी पोर्तुगालने दावा लावला की, दमणहून येथे येण्यासाठी भारताच्या हद्दीतून वाट मिळणे हा आपला हक्क आहे. भारतातर्फे मोतीलाल सेटलवाड उभे राहिले. १२ एप्रिल १९६० रोजी निवाडा झाला. खाजगी माणसे, मुलकी अधिकारी व सामान्य माल यांच्या वाटेपुरता हक्क न्यायालयाने मान्य केला. सैन्य, सशस्त्र पोलीस व शस्त्रास्त्रे यांचा हक्क नाकारला. आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही, असे सांगितले.

तो निवाडा आज कोणाला स्टेशन मिळवून देणार नाही, हे आम्ही जाणतो. परंतु त्यातील विवेक ध्यानात घेण्याजोगा आहे. सत्तेची वाट निराळी आणि साध्या माणसाची वाट निराळी, हा भेद न्यायालयाने केला व दुसरीला मान दिला. आज सत्ता आपली आहे. मग साध्या माणसाची वाट वापीलाच का अडावी?

मुंबईपर्यंतचा लोहमार्ग १८६४ साली पुरा झाला, तेव्हा नगरहवेलीवर परकी निशाण होते. रूळ हद्दीबाहेरून गेले, तर त्यात नवल नव्हते. पण ११ ऑगस्ट १९६१ रोजी हा प्रदेश भारतीय संघराज्यात विलीन झाला. त्या वर्षीच्या जनगणनेत येथे सुमारे ५८ हजार माणसे होती. २०११ साली ती ३ लाख ४३ हजारांवर गेली. कारखाने आले, परप्रांतांतून कामगार आले. आले नाहीत ते फक्त रूळ.

येथे राज्य आणि केंद्र यांच्या भांडणाची सबबही चालत नाही. रेल्वे हा संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीचा विषय. आणि या संघप्रदेशाचा कारभारही केंद्राचाच. मागणारे व देणारे कार्यालय एकाच घरात आहे. उलट जनतेच्या हाती विधानसभा नाही. लोकसभेत जाणारा एकच सदस्य, एवढेच तिचे बळ. ज्याला आवाज कमी, त्याच्याकडे धन्याने अधिक कान द्यावा, असा आमचा समज आहे.

आता मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान मार्गाचे पाहा. ५०८ किलोमीटरांच्या या मार्गापैकी सुमारे ४ किलोमीटर या संघप्रदेशातून जातात. बारा स्टेशने ठरली. त्यांत वापी आहे, येथले एकही नाही. आमच्या वाचकांना पालखीचा धर्म सांगावयास नको. पालखी ज्याच्या दारावरून जाते, त्याच्या आरतीसाठी ती क्षणभर टेकते. घर श्रीमंताचे की गरिबाचे, हे पुजारी विचारीत नाही. येथे जमीन मात्र घेतली, आणि पालखी न टेकताच पुढे जाणार!

अतिवेगवान गाडी गावोगाव थांबू शकत नाही, हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. म्हणून आम्ही त्या गाडीचा थांबा मागतच नाही. आम्ही मागतो वापीहून सिल्वासापर्यंत साधी शाखा, जिच्या डब्यात वारली म्हातारी आपले गाठोडे घेऊन निःशंक बसेल. दुसरा आक्षेप जमिनीचा. तो गंभीर आहे. आदिवासींची शेते हिसकावून आलेली रेल्वे आम्हांस नको. पण कारखाने आणि रस्ते यांच्या वेळी जी जमीन सापडली, ती प्रवाशाच्या वेळीच कशी दुर्मिळ होते? तिसरा आक्षेप तोट्याचा. कोकणच्या डोंगरांतून रेल्वे परवडणार नाही, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकले. २६ जानेवारी १९९८ रोजी तो सबंध मार्ग खुला झाला. त्यापुढे येथली सपाटी ती काय?

म्हणून आमचे म्हणणे इतकेच : या शाखेला किती खर्च, किती जमीन, किती प्रवासी, याचा हिशेब सरकारने जनतेसमोर मराठी व गुजराती भाषांत उघडा मांडावा. तोवर वापीला थांबणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाहून, रात्रीच्या गाड्यांसकट, सरकारी बस सुटाव्यात. त्यांतील एक तरी किलवणीपर्यंत यावी. यास संसदेची संमती लागत नाही, की जपानचे कर्ज लागत नाही. आणि हेही होत नसेल, तर हाकेच्या अंतरावर म्हणणाऱ्यांनी एकदा आजारी माणूस बरोबर घेऊन, पावसाळ्यात, मध्यरात्री ती हाक मारून पाहावी.