देवाचे चित्र आणि गतवर्षाचा कागद

चैत्र शुद्ध प्रतिपदेस नवे पंचांग चौरंगावर येते, त्याचे पूजन होते, वर्षफल वाचले जाते. जुन्या पंचांगाचे काय झाले, हे मात्र कोणी विचारीत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील बाळकृष्ण, उदबत्तीच्या पुड्यावरील गजानन, बिडीच्या कट्ट्यावरील एखादी देवता यांचीही गत तीच. पाडव्याच्या झाडलोटीत गुंतलेल्या माउलींपुढे आम्ही आज हा प्रश्न ठेवीत आहोत.

छापील कागदाविषयी आपले पूर्वज फार सावध होते. गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली मुंबईत शिळाछापावर मराठी पंचांग काढले, तेव्हा शाईत चरबी नको म्हणून त्यांनी तूप वापरले, असे मुद्रणाच्या इतिहासात नमूद आहे. आजच्या तरुणांना याचे हसू येईल. आम्हांस येत नाही. पुढे 1878 साली पुण्यात चित्रशाळा निघाली, 1894 साली राजा रविवर्मा यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला व काही वर्षांनी मळवलीस गेला. त्या रंगीत चित्रांनी केवढे कार्य केले! ज्यांना मंदिराची पायरी चढण्याची मुभा नव्हती, त्यांच्या झोपडीतही लक्ष्मी-सरस्वती येऊन बसल्या.

व्यापाऱ्याच्या दृष्टीतून हे सुटले नाही. मँचेस्टरच्या कापडाच्या ठाणांवर डकविलेली रंगीत तिकिटे आणि परदेशाहून येणाऱ्या काड्यापेट्या यांवर आपलेच देव झळकू लागले. अक्षरओळख नसलेले गिऱ्हाईक चित्रावरून माल ओळखी आणि देवाचे चित्र सहसा टाकून देत नसे. जाहिरात अशी फुकट घरात राही.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, गोंदिया जिल्ह्यातील दरेकसा येथे हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले. चैत्र नवरात्रात डोंगरगडच्या बम्लेश्वरीस जाणाऱ्या भाविकांच्या गाड्या याच स्थानकावरून पुढे जातात. तेंदूपाने आणि बिडी यांवर या मुलखातील किती संसार चालले! कीर्तनानंतर एका घरी फराळास गेलो असता वृद्ध गृहिणीने लोखंडी पेटी उघडली. झाकणाच्या आत कापडाची तिकिटे, बिडीची लेबले, एका किराणा दुकानाच्या कॅलेंडरातून कापलेला मुरलीधर, सारे खळीने चिकटविलेले. त्यांना ती रोज हात जोडते. त्याच दिवशी फलाटावर तशीच लेबले पायदळी जाताना दिसली.

कोणी म्हणेल, प्राणप्रतिष्ठा नाही, मग हा केवळ कागद. श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. त्यांत रेखाटलेली, म्हणजे ‘लेख्या’ प्रतिमाही आहे. त्या माउलीच्या पेटीत मंत्रोच्चार झाला नसेल, भाव झाला आहे. आम्ही तिच्या बाजूचे आहोत.

म्हणून व्यापारी बंधूंना आमचे स्पष्ट सांगणे आहे : जे वेष्टन फाडूनच वस्तू वापरावयाची, त्यावर देव छापू नका. धार्मिक भावना दुखावणाऱ्या चिन्हाची नोंदणी 1999 चा व्यापारचिन्ह कायदा नाकारतो. ‘रामायण’ हे नाव उदबत्तीसाठी कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली ठरविले. परंतु मालकी नाकारली म्हणजे छपाई थांबली असे नव्हे. ते काम गिऱ्हाइकाच्या नापसंतीनेच व्हावयाचे.

घरातील कागदांचे काय? प्लास्टिकच्या पिशवीत भरून ते नदीत सोडणे हे विसर्जन नव्हे, नदीचा अपराध आहे. साधा कागद घरीच बादलीत भिजवावा, त्याचा लगदा तुळशीपासून दूर एखाद्या झाडाच्या मुळाशी पुरावा. जुने ते सारेच मात्र बुडवू नये. आजोबांच्या काळातील पंचांग, त्याच्या समासात कोणाच्या जन्माची वेळ टिपलेली. बंद पडलेल्या दुकानाचे कॅलेंडर. शिळाछापाचे चित्र : हे घराण्याचे दप्तर आहे, आणि ते रद्दीच्या तराजूत घालण्याचा अधिकार एका पिढीला नाही. चित्राच्या मागे पेन्सिलीने साल, गाव, दुकान लिहावे. डिंक वा चिकटपट्टी लावू नये. सुती फडक्यात सपाट गुंडाळून कोरड्या जागी ठेवावे आणि पाडव्याच्या कडुनिंबाची चार पाने सावलीत वाळवून सोबत घालावीत.