अंगठ्याची करामत

मान डावीकडे वळवली की उजवा खांदा कुरकुरतो? हे वाचताना तुम्ही आपसूक मान वळवून बघितलीत ना? मग मंडळी, आजचा कॉलम तुमचाच!

माझं दुखणं लॅपटॉपचं. सोफ्यावर, बेडवर, कॅफेच्या उंच स्टुलावर वाकून लेख पाडायचे (फ्रीलान्सरला कुठली आलीय टेबल-खुर्ची!). शेवटी मैत्रिणीच्या आग्रहाने पुण्यात शियात्सु करून आले. जपानीत 'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब. तेल नाही, चोळणं नाही. सैल कपडे घालून जमिनीवरच्या गादीवर पडायचं. थेरपिस्ट अंगठ्याने, तळव्याने दाबते, पण हाताच्या जोरावर नाही, आपलं वजन हळूच टाकून. तीन-चार सेकंद थांबायचं, सोडायचं, पुढे सरकायचं. तासाभरात मी चक्क घोरले. बिल बघून जाग आली, ती गोष्ट वेगळी.

ताण हलका होतो, झोप छान लागते, आखडलेले स्नायू सैल होतात, इथपर्यंत माझा अनुभव. शरीरातल्या ऊर्जेचे प्रवाह वगैरे ऐकायला मस्त, पण भक्कम संशोधन अजून फारसं नाही. 'शियात्सुने सगळे आजार पळतात' म्हणणाऱ्यापासून आपणच पळावं. आणि हाताला मुंग्या येत असतील तर स्पा नको, डॉक्टर गाठा. जपानमध्ये हे काम करायला तीन वर्षं शिकून सरकारी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे तसा परवाना नाही, तेव्हा 'कुठे शिकलात?' हे बिनधास्त विचारा.

त्याच वीकएण्डला केंदूरला गेले. शिरूर तालुक्यातलं, पाबळच्या शेजारचं, संत कान्होराज पाठकांचं गाव, माझं आजोळ. मी गाडीतून उतरले तशी आजी म्हणाली, "काय गं, मान आखडली व्हय? बस हितं खाली." तिचा अंगठा मानेवर नेमका त्याच गाठीवर पडला, जी शोधायला थेरपिस्टला दहा मिनिटं लागली होती! बिल सांगितलं तर म्हणाली, "आगं, एवढं पैसं अंगठ्याचं?"

मग मी तिला तोकुजिरो नामिकोशीची गोष्ट सांगितली. 1905 सालचा जन्म. लहानपणी कुटुंब थंडगार होक्काइदोला गेलं आणि आईचे सांधे धरले. पोरगं रोज आईचं अंग दाबायचं. दाबता दाबता कुठे किती जोर द्यायचा ते कळत गेलं. त्यातूनच पुढे शियात्सु उभं राहिलं आणि 1940 मध्ये त्याने टोकियोत कॉलेज काढलं.

"गुणाचं पोरगं," आजी म्हणाली. तेवढ्यात मानेवरचा अंगठा गेला आणि कोपर आलं.

"अंगठा का काढलास?"

"वाकत न्हाई आता. सकाळी तर मूठबी मिटत न्हाई."

कधीपासून? तर दोन पावसाळे झाले! खुरपणी, भाकऱ्या, घरातल्या यच्चयावत बाळंतिणींची अंगं. सगळं त्याच अंगठ्याने. फोनवर दर आठवड्याला मी माझ्याच मानेचं रडगाणं गायचे आणि ती कसला लेप लावायचा ते सांगायची. तिचे हात कसे आहेत, हे मी कधीच विचारलं नव्हतं.

सोमवारी तिला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं. रात्री तिला घोंगडीवर आडवं केलं आणि पायांपासून सुरुवात केली. म्हातारी हाडं, म्हणून अगदी हलका दाब, तोही फक्त तळव्याने.

"जपानी करतीयास व्हय?" तिने डोळे मिटूनच विचारलं. "जरा वर घे... हां, तिथं."